मजुराची बातमी : डॉ. टी. बी. कुन्हा यांची लेखणी आणि गोमंतकाचा कुणबी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी इतिहास शिकलो. ह्या व्यासपीठावर उभा राहण्याचा मान मला मिळाला, तो माझ्या योग्यतेपेक्षा त्यांच्या पुण्याईचा भाग अधिक आहे, असे मी मानतो. आरंभीच त्यांची एक आठवण सांगतो, कारण आजचा विषय मला त्या आठवणीतूनच सापडला.

आठवीत असताना त्यांनी आम्हांला ‘आमच्या गावाचा इतिहास’ ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. मी मोठ्या उत्साहाने श्रीलईराई देवीचे देवालय, वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा, होमकुंड आणि निखाऱ्यांवरून चालत जाणारे व्रतस्थ धोंड, असा सारा मजकूर सहा पाने भरून लिहिला. वही परत आली तेव्हा शेवटच्या पानावर तांबड्या शाईत एकच ओळ होती. ‘हे सर्व ठीक. पण ह्या गावातले भात कोण लावीत होते आणि कोण कापीत होते?’ मला गुण चांगले मिळाले होते. त्यामुळे त्या ओळीचा मला थोडा रागच आला आणि पुढे मी ती विसरूनही गेलो. बऱ्याच वर्षांनी वार्ताहर म्हणून काम करताना ती ओळ पुन्हा पुढ्यात येऊन उभी राहिली. तो प्रसंग मी शेवटी सांगेन.

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांनी हा प्रश्न आयुष्यभर विचारला. डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, म्हणजेच आपल्या परिचयाचे टी. बी. कुन्हा, हे गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणून पाठ्यपुस्तकांतून ओळखले जातात. पणजीच्या आझाद मैदानावर त्यांच्या अस्थी जपून ठेवलेल्या आहेत. भारत सरकारने १९९८ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. हा सन्मान उचितच होय. परंतु पुतळे आणि तिकिटे माणसाचा चेहरा जपतात, त्याचे काम जपतातच असे नाही. कुन्हा हे शिक्षणाने अभियंते आणि स्वभावाने संघटक होते, पण त्यांचे खरे शस्त्र लेखणी होते. त्या लेखणीची सर्वांत खडतर कसोटी एका अशा प्रश्नावर लागली, ज्याची चर्चा आपल्याकडे फारच थोडी होते. गोव्यातून आसामच्या चहामळ्यांत नेल्या गेलेल्या कुणबी मजुरांचा तो प्रश्न होता. एखाद्या पत्रकाराचे मोठेपण त्याने कोणत्या सत्ताधीशाला दुखविले यावरून मोजण्याची आपली रीत आहे. त्याने कोणाची व्यथा बातमी मानली, हे माप मला अधिक खरे वाटते. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदर येथे झाला. पणजीत शालेय शिक्षण आणि फ्रेंचांच्या ताब्यातील पुदुच्चेरीत पुढील शिक्षण घेऊन ते पॅरिसला गेले आणि तेथे विद्युत-अभियांत्रिकी शिकले. पहिल्या महायुद्धानंतरचे पॅरिस हे वसाहतींतून आलेल्या तरुणांचे विद्यापीठच झाले होते. ‘ल्युमानिते’ आणि ‘क्लार्ते’ यांसारख्या नियतकालिकांतून कुन्हा भारताच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी फ्रेंच वाचकांसाठी लिहू लागले. रोमां रोलां यांच्यासारख्या थोर साहित्यिकाशी त्यांचा संबंध आला. साम्राज्यशाहीकडे ती एका देशाची कैफियत म्हणून न पाहता जगभर पसरलेली श्रमाची व्यवस्था म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना येथे लाभली असावी, असे त्यांच्या पुढील लेखनावरून वाटते.

१९२६ साली ते गोव्यात परतले. त्याच वर्षी पोर्तुगालात लष्करी उठाव होऊन प्रजासत्ताक कोसळले आणि पुढे सालाझारच्या हुकूमशाहीची पायाभरणी झाली. १९२८ साली कुन्हांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनात तिला राष्ट्रीय सभेची मान्यता मिळाली. हा भाग सर्वपरिचित आहे. ह्याच काळात त्यांनी हाती घेतलेले दुसरे काम मात्र दरबारी नव्हते आणि प्रतिष्ठेचेही नव्हते.

गोव्यातील कुणबी आणि गावडे हे ह्या भूमीचे आद्य रहिवासी मानले जातात. डोंगरउतारावर राने तोडून कुमेरी करणारे, खाजनांचे बांध राखणारे, भाताची लावणी-कापणी करणारे हात त्यांचेच. पण जमिनीवर हक्क मात्र बव्हंशी इतरांचा होता. ज्या घरात राहावयाचे ते घर भाटकाराच्या भाटात असे. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराचे चंबूगबाळे रस्त्यावर येई. मुंडकाराला घरातून हुसकावून लावण्यास पुरेसा प्रतिबंध करणारा कायदा गोव्यात आला तो मुक्तीनंतर, १९७५ साली. म्हणजे ज्या काळाविषयी मी बोलत आहे, त्या काळी ह्या माणसाजवळ श्रमाखेरीज गहाण ठेवावयास काहीही नव्हते. भरती करणाऱ्या मुकादमाला हवा असतो तो असाच माणूस.

आसामच्या चहामळ्यांची मजूरभरती ही ब्रिटिश हिंदुस्थानातील एक काळी कहाणी आहे. मळे वसविले गेले ते विरळ वस्तीच्या, हिवतापाने ग्रासलेल्या प्रदेशात. स्थानिक लोक तेथे राबावयास तयार नव्हते. म्हणून छोटा नागपूर, ओरिसा, मध्य प्रांत, मद्रास इलाखा येथून मजूर आणले गेले. त्यांत संथाळ, मुंडा, उरांव अशा आदिवासींचा भरणा मोठा होता. १८५९ च्या एका कायद्याने कराराचा भंग हा दिवाणी दावा न राहता फौजदारी गुन्हा ठरला. मजुराने काम सोडले तर त्याला तुरुंग. मळेवाल्यांना पळालेल्या मजुराला स्वतः पकडण्याचाही अधिकार होता, तो १९०८ साली गेला. १८५९ चा कायदा रद्द व्हावयास १९२६ साल उजाडले. कायदा गेला, पण अंतर, कर्ज आणि अपरिचित भाषा ह्या तीन भिंती तशाच उभ्या राहिल्या. १९२१ साली सुरमा खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून पायी गावाकडे निघाले. चांदपूर स्थानकावर त्यांच्यावर गुरखा शिपाई घालण्यात आले. परतीच्या वाटेवर मारहाण होते, तेव्हा करार ‘खुशीचा’ होता हे म्हणणे आपोआप खोटे पडते.

ह्या मळ्यांत गोव्याचे कुणबीही गेले. दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, ज्याचे नावही धड उच्चारता येत नाही अशा मुलखात. त्यांची अवस्था एका अर्थाने अधिक बिकट होती. ते पोर्तुगीज प्रजाजन होते. ब्रिटिश अमलातील मळ्यावर त्यांच्या बाजूने बोलणे हे पणजीच्या सरकारचे कर्तव्य होते, आणि नेमक्या त्याच सरकारच्या संगनमताने ही भरती चालली होती. दोन सरकारांच्या मधल्या फटीत सापडलेला माणूस कोणाचाच नसतो. कुन्हांनी हे उघडकीस आणले. मजुरांना भूल देऊन नेले जाते, तेथे त्यांना गुलामासारखे राबविले जाते आणि राज्यकर्त्यांना हे ठाऊक असूनही ते डोळेझाक करतात, हे त्यांनी मांडले. नेलेल्या मजुरांना परत आणावे, अशी त्यांची मागणी होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच सुमारास, १९२८ च्या आसपास, गावडा समाजाकडे गोव्यात आणि गोव्याबाहेर अनेकांचे लक्ष वेधले गेले होते. विनायक महाराज मसूरकरांच्या शुद्धी चळवळीतून अनेक ख्रिस्ती गावडे हिंदू धर्मात परतले, आणि त्यावरून सरकार, चर्च व हिंदू समाज यांच्यात वाद उसळला. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. एवढेच निदर्शनास आणतो की, गावड्याचा धर्म कोणता ह्या प्रश्नाने ज्यांची झोप उडाली होती, त्यांपैकी फार थोड्यांना गावड्याची मजुरी किती ह्या प्रश्नाने जाग आली. कुन्हा ह्या दुसऱ्या थोड्यांतले होते.

ह्या कामात ते एकटे असले, तरी परंपरेविना नव्हते. चहामळ्यांच्या संदर्भात पहिले ठळक नाव बंगालमधील द्वारकानाथ गांगुली यांचे. ब्राह्मो समाजाचे हे निर्भय पत्रकार १८८६ साली स्वतः आसामात गेले, मळ्यांच्या परिसरात फिरले आणि ‘संजीवनी’ व ‘बेंगाली’ ह्या पत्रांतून त्यांनी मजुरांच्या गुलामगिरीचे वृत्तांत प्रसिद्ध केले. दुसरे नाव इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांचे, आणि ते तर थेट पोर्तुगीज साम्राज्याशी निगडित आहे. पोर्तुगालने १८९९ च्या कायद्याने वसाहतींतील ‘देशी’ माणसावर श्रम करण्याचे नैतिक व कायदेशीर बंधनच घातले होते. १९०४-०५ साली नेव्हिन्सन अंगोलात हिंडले आणि तेथून साओ तोमे बेटावरील कोकोच्या मळ्यांपर्यंत गेले. कागदोपत्री मजूर पाच वर्षांच्या कराराने जात होते. प्रत्यक्षात त्या बेटावरून कोणी परत येत नव्हते. १९०६ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि १९०९ साली कॅडबरीसह प्रमुख इंग्रज चॉकलेट कारखानदारांनी त्या बेटाचा कोको घेणे थांबविले. एका प्रवासी वार्ताहराच्या वहीने एका साम्राज्याचा व्यापार अडविला.

नेव्हिन्सन यांच्या पाठीशी लंडनचे मुक्त वृत्तपत्रजग होते. कुन्हांच्या पाठीशी काय होते? गोव्यात मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून जाऊ लागला होता. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० साली विधिमंडळात वसाहत कायद्याविरुद्ध स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र पुढे सरकारी रोषामुळे १९३७ साली बंद पडले. आपल्या मराठी वाचकांना ‘भारत’कार गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे नाव अधिक जवळचे आहे. १९१२ पासून त्यांनी केप्यासारख्या ठिकाणाहून आपले पत्र चालविले, खटले सोसले, पण लेखणी म्यान केली नाही. अशा वातावरणात कुन्हांनी पत्रकांचा आश्रय घेतला. जेथे पत्र काढता येत नाही तेथे पत्रक हेच पत्र, आणि ते खिशात घालून सीमेपलीकडे नेता येते. १९४४ साली निघालेली ‘गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण’ ह्या विषयावरील त्यांची पुस्तिका ह्याच मार्गाने वाचकांपर्यंत पोहोचली. साडेचारशे वर्षांच्या परकी अमलाने गोमंतकीयाच्या मनाचे काय केले, ह्याचे ते परखड निदान होते. तिची आठवण आपण काढतो, आणि काढावीच. मात्र ती पुस्तिका सुशिक्षित गोमंतकीयाच्या मनाविषयी आहे. कुणब्यांविषयीचे लेखन हे त्याच पारतंत्र्याचा शरीरावर उमटलेला वळ दाखविणारे आहे. ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचल्याखेरीज कुन्हा पुरते कळत नाहीत.

पुढचा इतिहास आपणांस ज्ञात आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी नागरी स्वातंत्र्याचा लढा पेटविला. कुन्हा त्यात अग्रभागी होते. जुलैत त्यांना अटक झाली आणि आग्वादच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. लष्करी न्यायालयापुढे त्यांच्यावर खटला चालला, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. १९५० साली सुटका झाली, तरी देश सोडण्याची मोकळीक नव्हती. १९५३ साली ते निसटून फ्रान्सला गेले आणि तेथून मुंबईस आले. वयाची साठी उलटलेली, तुरुंगाने शरीर खचलेले. अशा वेळी त्यांनी गोवा कृती समितीचे काम उभारले आणि ‘फ्री गोवा’ हे पत्र सुरू केले. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यांच्या पश्चात बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा यांनी ‘फ्री गोवा’ पुढे चालविले.

श्रोतेहो, स्मृतिव्याख्यानात केवळ गौरव करून थांबणे सोपे असते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक उणीवही नोंदविली पाहिजे. कुन्हा कुणब्यांसाठी लिहीत होते, पण फ्रेंच, पोर्तुगीज आणि इंग्रजी भाषांत. ज्या मजुराची ती व्यथा, त्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. मळ्यावरून परतलेल्या एखाद्या कुणबी स्त्रीने आपल्या बोलीत सांगितलेली हकीकत आपल्या हाती नाही. हा दोष मी कुन्हांच्या एकट्याच्या माथी मारीत नाही. राज्यकर्त्याला त्याच्याच भाषेत जाब विचारणे ही त्या काळाची गरज होती. परंतु पारतंत्र्यात जे शक्य झाले नाही, ते स्वातंत्र्यात आपण केले का, हा प्रश्न उरतोच.

ह्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप ह्या समाजांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला तो २००३ साली, म्हणजे मुक्तीनंतर एकेचाळीस वर्षांनी. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची संख्या १,४९,२७५ नोंदविली गेली. दर दहा गोमंतकीयांत एकाहून थोडे अधिक. त्याच वर्षी, २५ मे रोजी, आपल्या हक्कांसाठी बाळ्ळी येथे झालेल्या आंदोलनात ह्या समाजाच्या दोन तरुणांना प्राणांस मुकावे लागले. विधानसभेत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याचा मार्ग मोकळा करणारे विधेयक संसदेने संमत केले ते २०२५ साली. ह्या प्रत्येक टप्प्यावर लढा त्या समाजानेच दिला. आम्ही पत्रकारांनी बहुधा घटना घडून गेल्यावर बातमी दिली.

आणि आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. मी अनेक वर्षे ह्या तालुक्याचा वार्ताहर होतो. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या त्या पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या दशकात, आणि त्यांचे अरिष्ट शिरगावानेही भोगले. खाणीचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले, विहिरी आटल्या, शेतांत चिखल उतरला. गावाने न्यायालयापर्यंत तक्रार नेली. ह्या विषयावर मी पुष्कळ लिहिले आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले. निवृत्त झाल्यावर एके दिवशी जुनी कात्रणे चाळीत बसलो होतो. प्रत्येक बातमीत अधिकाऱ्याचे म्हणणे होते, कंपनीचे होते, पंचाचे होते, वकिलाचे होते. आटलेल्या विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन परतणाऱ्या बाईचे म्हणणे एकाही कात्रणात नव्हते. तिचे छायाचित्र होते. खाली ओळ होती, ‘पाण्यासाठी वणवण’. नाव नव्हते. ती रोज माझ्या वाटेवर भेटत असे, तरी मी तिला काही विचारले नव्हते.

त्या क्षणी मला तांबड्या शाईतली ती ओळ आठवली. गुरुजींनी जे आठवीच्या मुलाला विचारले होते, ते मी पुरा वार्ताहर होऊनही स्वतःला विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती आता फार थकली आहे. विहिरीविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘आता विचारतां? तेन्ना विचारपाक जाय आशिल्लें.’ ह्यावर मला उत्तर सुचले नाही. मी खाली बसलो आणि ती जे सांगत गेली ते लिहून घेतले. भात कोण लावीत होते, कोण कापीत होते, कोणत्या कोपऱ्यात कोणते बी रुजत असे आणि कोणत्या वर्षापासून ते रुजेनासे झाले, हे सारे तिला तोंडपाठ होते. माझ्या सहा पानी निबंधात आणि नंतरच्या साऱ्या कात्रणांत जे नव्हते, ते तिच्या एका दुपारच्या बोलण्यात होते.

२०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि २०२२ साली नव्याने लिलाव सुरू झाले तेव्हा शिरगावचे नाव पुन्हा यादीत आले. खाणीचे बरेवाईट ठरविण्याचे हे व्यासपीठ नव्हे. ज्यांच्या घरात त्या पट्ट्यांमुळे अन्न येते, तेही आपलेच बांधव आहेत. माझे मागणे मर्यादित आहे. आसामच्या मळ्यांत गेलेल्या कुणब्यांची नावे आपण हरवून बसलो आहोत. शिरगावची नावे तरी हरवू नयेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि आजच्या मुलांना मी एक विनंती करतो. शाळेच्या वाचनालयात एक जाड वही ठेवावी. दर वर्षी इयत्ता आठवीच्या मुलांनी गावातील एकेका वृद्ध श्रमिकाकडे, शेतात राबलेल्या, खाणीवर टोपली वाहिलेल्या, दुसऱ्याच्या भाटात जन्म काढलेल्या माणसाकडे जावे. तो सांगेल ते त्याच्याच बोलीत, त्याचे नाव घालून, त्या वहीत उतरवून ठेवावे. पहिली हकीकत मी सोबत आणली आहे. ती तिच्या परवानगीने, तिला वाचून दाखवून आणि तिने दोन ठिकाणी दुरुस्त केल्यावर, आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.

कुन्हांनी ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना ते वाचता आले नाही. आपल्या शाळेत आज त्या घरांतली मुलेही शिकत आहेत. पुढची पाने त्यांच्या हातची असावीत, एवढी इच्छा व्यक्त करून आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण संपवितो.